एका दमातली रेघ

हॉस्पिटलची गाडी खाली येऊन उभी राहिली तेव्हा मी आरशासमोर भुवया भरत होते. अंगात ताप होता, दोन वाक्यं बोलले की धाप लागत होती, आणि समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या माणसांनी भरल्या होत्या. मला काळजी एवढीच, की इतकी माणसं बघणार आहेत तर निदान चेहरा नीट दिसावा. त्यातही मास्क लावायचा होता, म्हणजे चेहऱ्यातल्या दाखवण्याजोग्या भुवयाच तेवढ्या उरल्या होत्या. निघताना मी टॉवेल घेतला, चार्जर घेतला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात आयब्रो पेन्सिल टाकली. चष्मा मात्र घरीच विसरले.

चष्म्यावाचून माझं फारसं अडलं नाही. पेन्सिल मात्र शेजारच्या खाटेवरच्या बाईने मागून घेतली, आणि परत मिळाली तेव्हा तिचा नुसता बुडखा उरला होता. ती बाई म्हणजे सगुणामावशी. कोरोनाच्या दिवसांतलं मला बाकी फार काही आठवायला आवडत नाही. मावशी मात्र रोज आठवते, कारण रोज माझ्या हातात कुणाच्या ना कुणाच्या भुवया असतात.

मी मूळची रोह्याची. मुंबईत एका उपनगरात माझं पार्लर होतं. पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि मोठा आरसा, पण पाटीवर मी स्वतःला ब्युटी एक्स्पर्ट लिहून घेतलं होतं. कोरोना यायच्या काही महिने आधीपासून मला खोकला सुरू झाला होता. तपासणीत टीबी निघाला. मी गोळ्या घ्यायला लागले आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागले की केसांच्या रंगाची ॲलर्जी आहे. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. अशा धंद्यात कुणी टीबी हा शब्द काढत नाही. मी तर तो शब्द आरशासमोर एकटी असतानाही काढत नसे.

मग कोरोना आला आणि मला तोही झाला. खोटं वाटेल, पण मला थोडं हायसं वाटलं. आता खोकल्याला सांगण्यासारखं एक नाव मिळालं होतं. कोरोना मोठमोठ्या लोकांना झाला होता. टीव्हीवर त्यांचे हसरे फोटो दाखवत, खाली ‘प्रकृती स्थिर’ असं लिहीत. टीबी झालेला हसरा फोटो मी कधी पाहिला नव्हता. म्हणून रोह्याला भावाला फोन करून मी जवळजवळ ऐटीतच सांगितलं, ‘अरे, मलापण कोरोना झालाय.’

पण हॉस्पिटलात मला नेऊन ठेवलं ते नेमकं टीबी आणि कोरोना असे दोन्ही असलेल्या बायकांच्या वॉर्डात. सिस्टरने मोठ्याने विचारलं, ‘टीबीच्या गोळ्या आणल्या आहेत ना?’ मी खालच्या आवाजात म्हटलं, ‘सिस्टर, काहीतरी चूक झालीये. मला फक्त कोरोना आहे.’

शेजारच्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला. हसता हसता त्याचा खोकला झाला, खोकल्याची ढास लागली, आणि ती थांबल्यावर एक बारकीशी म्हातारी कोपरावर उठून बसली.

‘लाजतेस कशाला गो?’ ती म्हणाली. ‘हितं समद्यांनाच दोनी हायत. एकटा कोरोना पायजे असंल तर खालच्या मजल्यावर जा. तिकडं म्हनं चहा बी पांचट देतात.’

मी तोंड फिरवून बसले. तिने विचारलं, ‘कुठली तू?’

‘रोह्याची.’

‘मंजे गाडी जिथं शेवटी दमून बसते तिथली. मी पेनची. हमरापूरला आमचा गनपतीचा कारखाना हाय.’ आणि हे सांगताना तिने असा चेहरा केला, जणू पेणनंतर रेल्वेने उगाचच पुढे रूळ टाकले.

त्या दिवसापासून ती मला रोहेकरीण म्हणायला लागली. नाव शेवटपर्यंत विचारलं नाही.

मावशी साठीच्या पुढची असेल. हाडं तेवढी उरली होती, पण त्या हाडांत तोरा भरपूर होता. तिचा नवरा मूर्तींचे साचे करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखाना दीर चालवत होता, बाळाराम. मावशी आखणीचं काम करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. हमरापूरला घरोघरी मूर्ती होतात, रंगाला वीस हात लागतात, पण डोळे काढणारा हात एखादाच. तो हात आपला आहे, हे ती पहिल्या तासात सांगून मोकळी झाली आणि नंतर रोज नव्याने सांगत राहिली.

तिच्या उजव्या हाताची करंगळी सदा ताठ असायची. डोळा काढताना ती करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, म्हणजे हात हलत नाही. पण तिला ती सवयच जडून गेली होती. गोळी उचलताना, चहाचा कप धरताना, नाक पुसतानासुद्धा करंगळी बाहेर काढून कशावर तरी टेकवायची. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारीला साहेबी थाट करायची हौस आहे. मीही माझ्या पार्लरच्या हाताने कप जरा नजाकतीने धरायला लागले. ती म्हणाली, ‘बोट दुखतंय काय गो तुझं?’

तिची दुसरी सवय म्हणजे पेन, चमचा, काडी, जे हातात येईल त्याचं टोक ओठांनी ओलं करायचं. ब्रशला बारीक टोक यावं म्हणून जन्मभर ती तो तोंडात घालत आली होती. तिच्या दृष्टीने त्या टोकाशिवाय डोळा होतच नाही. टीबीच्या गोळ्यांनी लघवीला केशरी रंग येतो, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती न घाबरता हिशोबच लावून मोकळी झाली होती, की इतकी वर्षं चाटलेला रंग आता उतरायला लागला. सिस्टरने समजावून सांगितलं. मावशीने मान डोलावली आणि सिस्टरची पाठ वळताच मला म्हणाली, ‘तिला काय ठावं? आमच्या कारखान्यातला केशरी हुबेहूब असाच हाय.’

वॉर्डात सगळे डॉक्टर-नर्स डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेले असायचे. त्यातून दिसायचे ते फक्त डोळे. आम्ही बाकीच्या त्याने भांबावलो होतो, कोण आलं आणि कोण गेलं ते कळायचं नाही. मावशी मात्र खूश होती. ‘जल्मभर मी डोळंच बगत आले,’ ती म्हणायची, ‘हितं तर दुसरं कोन काय दाखवीतच नाय.’ कुठल्या डोळ्यांचा माणूस कसा असणार, हे तिला अगदी पक्कं ठाऊक होतं. ती मला एकेकाचा स्वभाव सांगायची आणि मी ऐकायचे, कारण दुसरी करमणूक नव्हती.

सकाळच्या सिस्टरचे डोळे तिने पहिल्याच दिवशी पास केले. ‘गरीब डोळे. गाईसारखे. हिला काय बी सांग, ऐकंल.’ ती सिस्टर वॉर्डातली सगळ्यात कडक निघाली. गोळी गिळली तरी जीभ वर करून दाखवायला लावायची. एका डॉक्टरांचे डोळे मोठे आणि तांबारलेले होते, त्यातला उजवा जरा वर. मावशीने कपाळाला हात लावला. ‘राक्षसाच्या मूर्तीला पन असे कोन काढनार नाय. हा मानूस आपल्याला मारनार.’ ते डॉक्टर रोज तिच्या खाटेपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. ती बोलत असली तर मधे तोडायचे नाहीत. ती ज्यांच्याबद्दल जे बोलली, त्यांतलं बहुतेक सगळं चुकलं.

मी तिला एकदा हे सुनावलं. ती जराही वरमली नाही. ‘डोळे मी बरोबर वाचले,’ म्हणाली. ‘त्यांस्नी मानूसच चुकीचा लागलाय.’

माझ्याकडे बघून ती म्हणाली होती, ‘तुझ्या डोळ्यात खोटं हाय.’ मला फार राग आला. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याने विचारलं, ‘कोरोनाच आहे ना? दुसरं काही नाही ना?’ मी म्हटलं, ‘छे रे, नुसता कोरोना.’ मावशी खाटेवर उठून बसली आणि अंगात होता नव्हता तेवढा दम गोळा करून ओरडली, ‘सांग की त्याला, टीबी बी हाय, दोनी हायत म्हनून!’

महिनोन् महिने मी जे लपवलं होतं ते एका पेणच्या म्हातारीने फोनवर ओरडून फोडलं होतं. आता घर सुटलं, माहेर तुटलं, असं काय काय माझ्या डोक्यात येऊन गेलं. मग भाऊ म्हणाला, ‘टीबी होय? आपल्या धाकट्या काकांना नव्हता का झाला? गोळ्या संपव हां सगळ्या, मधे सोडू नको. जेवण बरं देतात का?’

एवढंच. इतक्या मेहनतीने लपवलेली गोष्ट इतकी स्वस्तात गेली याचं मला वाईटच वाटलं.

पण त्यानंतर मी आणि मावशी बोलायला लागलो. खरं तर तीच बोलायची आणि मी ऐकायचे. बोलताना ती एकाच गोष्टीवर येऊन थांबायची. ती गोष्ट म्हणजे श्वास.

तिच्या घराण्यात डोळ्याची रेघ एका दमात काढतात. वरच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, श्वास धरायचा, बाहेरच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, खालची पापणी काढत परत यायचं, आणि मगच श्वास सोडायचा. मधे श्वास सुटला तर ती रेघ पुसून टाकायची. तिला सासूने असंच शिकवलं होतं. ‘मधे दम सोडला का डोळा मरतो,’ ती म्हणायची. कारखान्यातल्या बाकीच्या मूर्तींचे डोळे कुणीही काढो, पण घरात बसायच्या गणपतीचे डोळे लग्न होऊन आल्यापासून तिनेच काढले होते. सासू दोन-चार वर्षं शेजारी बसून बघत राहिली आणि मग एका वर्षी बघायलाही आली नाही. मावशीच्या मते त्याहून मोठं शाबासकीपत्र नाही.

गेल्या वर्षापासून खोकल्याने तिचा दम मधेच तुटायला लागला होता. मुलगा मुंबईत नोकरीला होता, तो तिला तपासायला घेऊन आला. टीबी निघाला, औषध सुरू झालं, मुंबईतच राहिली आणि तिथेच कोरोनाही झाला. आषाढ चालू होता. गणपती तोंडावर आले होते. तिला बाकी कशाची भीती नव्हती. गणपतीच्या आधी सोडतील का, आणि सोडलं तर एका डोळ्यापुरता दम उरला असेल का, एवढंच तिला हवं होतं.

तांबारलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना तिने हे सरळ विचारलं. ‘डॉक्टर, एक डोळा होईल का मला?’ डॉक्टर गोंधळले. त्यांना वाटलं, दिसायला कमी झालंय. ते तिच्या डोळ्यांत टॉर्च मारायला लागले. मग मी मधे पडले आणि दुभाष्याचं काम केलं. आखणी काय, दम काय, सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ते तिच्या खाटेच्या कडेला बसले.

‘आजी,’ ते म्हणाले, ‘टीबीने फुफ्फुसाचा थोडा भाग खाल्लाय. वर कोरोनाने आपला वाटा घेतला. तुम्ही बऱ्या व्हाल. पण आधीसारखा श्वास परत येईल असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. रोज सराव करा. किती परत मिळतो ते बघू.’

ते गेल्यावर तिने पांघरूण गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं. मग म्हणाली, ‘राक्षस खरं बोलतो.’

सरावासाठी एक यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की त्यातल्या रंगीत गोळ्या वर जातात. मी ते मन लावून करायचे, कारण माझी तिसरी गोळी वर गेली की समोरच्या खाटेवरच्या बाईकडे मला विजयी नजरेने बघता यायचं. मावशीने ते यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि ‘जत्रेतलं खेळणं’ म्हणून उशीखाली टाकलं. मग माझ्याकडे हात पुढे केला. ‘ती भुवयांची काडी दे.’

मला धक्काच बसला. मी पेन्सिल लपवून वापरायचे, अगदी पहाटे, पांघरुणाखाली. पण डोळ्यांच्या माणसापासून भुवया कशा लपणार? ‘पयल्या दिवशीच बगितलं,’ ती म्हणाली. ‘डावी उजवीपेक्षा जाड झालीये तुझी.’ माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान कुणी केला नव्हता. मी पेन्सिल दिली.

जेवण कागदी ताटलीतून यायचं. मावशी नाश्त्याची ताटली पुसून घ्यायची, पेन्सिलीचं टोक ओठांनी ओलं करायची, करंगळी टेकवायची आणि श्वास धरायची. वरची पापणी निम्म्यावर आली की तिच्या मानेच्या शिरा वर यायच्या. मग खोकला उसळायचा आणि रेघ तिरकी उडायची. रोज एक ताटली, कधी दोन. सगळ्यांवर अर्धे डोळे. वॉर्डातल्या बायका त्या ताटल्या फेकायला धजायच्या नाहीत, कारण देवाचे आहेत, आणि ठेवायलाही घाबरायच्या, कारण अर्धे आहेत. शेवटी त्या माझ्याच खाटेखाली जमा झाल्या. रेघ रोज थोडी पुढे सरकत होती. अगदी थोडी. मला ते दिसत होतं आणि पेन्सिल संपत चालली आहे हेही दिसत होतं. खरं सांगायचं तर काही दिवस मला पेन्सिलीचंच जास्त लागलं.

गणपती आले तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. बाळारामने घरच्या मूर्तीपुढे उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. मूर्तीचे डोळे यंदा तिच्या पुतण्याने काढले होते. मावशीने फोन इतका जवळ धरला की तिकडे तिचं नाकच दिसत असणार.

‘कसे झालेत वैनी?’ बाळारामने विचारलं.

‘बटाटे,’ मावशी म्हणाली.

‘वैनी, देवासमोर बोलताय.’

‘देवालाच सांगतेय. चालव रे बाबा यंदा असंच. पुढल्या वर्षी मी हाय.’

फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली. तिचे खांदे हलत होते, आणि ते खोकल्याने नव्हतं. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, ‘मावशी, बटाटे काही इतके वाईट नव्हते.’ ती तशीच निजल्या निजल्या म्हणाली, ‘चष्मा घरी इसरलेल्या बाईनी बोलू नये.’

पुढे आम्ही दोघी बऱ्या होऊन घरी गेलो. ती काही दिवस मुलाकडे राहून पेणला परतली. माझं पार्लर कायमचं बंद झालं, म्हणून मी रोह्याला माहेरी आले आणि भावाच्या ओटीवर खुर्ची टाकून भुवया करायला लागले. दोरा आता दातात धरत नाही. मानेला अडकवायची नवी पद्धत शिकले. पहिल्या काही बायकांच्या भुवया मी अशा केल्या की त्यांना वर्षभर मास्क आहे याचा आनंद झाला असेल, फक्त मास्क भुवयांवर लावत नाहीत ही अडचण होती.

मावशीचा फोन यायचा. टीबीच्या गोळ्या संपल्या, तपासणीत काही निघालं नाही, हे तिने मला लग्न ठरल्यासारखं सांगितलं. पण कारखान्यात तिला आखणीला बसवत नव्हते. बाळाराम वाईट माणूस नव्हता. ‘वैनी, गिऱ्हाईक येतंय, इचारतंय,’ तो म्हणायचा. ‘तुमी मूर्तीच्या तोंडापाशी तोंड नेणार, आन् ब्रश चाटणार. लोकांना काय सांगू?’ तिला मागच्या पडवीत मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी रंग द्यायला बसवलं होतं. ती मला म्हणाली, ‘मुकुट रंगवते. मुकुट कोन बी रंगवतं गो.’

पुढच्या श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला. ‘उद्या ये. बाळाराम हो बोललाय. घरच्या मूर्तीचे डोळे मी काढनार. मास्क लावून, आन् ब्रश तोंडात घालायचा नाय, अशी अट हाय.’ मग म्हणाली, ‘एकटीला भ्या वाटतं.’

तिला भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी रोह्याची सकाळची गाडी पकडली, पेणला उतरले, रिक्षाने हमरापूरला गेले. चष्मा या वेळी विसरले नाही.

कारखान्यात रांगेने मूर्ती उभ्या होत्या, रंगाचा आणि ओल्या मातीचा वास होता. मधोमध पाटावर घरची मूर्ती, सगळी रंगवून झालेली, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं. मावशी आणखी बारीक झाली होती. दारापासून पाटापर्यंत येताना ती मधे एकदा खांबाला धरून थांबली. बाळाराम आणि त्याचा मुलगा बाजूला उभे राहिले. मुलगा म्हणजे ते बटाटे काढणारा पुतण्या. त्याने ब्रश पाण्याच्या वाटीत बुडवून, बोटांनी टोक करून, काळ्या रंगाला लावून, तिच्या हातात दिला. तिने तो बघितला. तिला टोक पसंत नव्हतं हे तिच्या मास्कवरूनसुद्धा कळलं. पण तिने तो तसाच धरला.

करंगळी गणपतीच्या गालावर टेकली. उजवा डोळा तिने एका दमात काढला. वरची पापणी, वळण, खालची पापणी, परत कोपऱ्यात. श्वास सोडला तेव्हा तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. बाळाराम ‘बास’ म्हणाला, म्हणजे ‘छान’ म्हणायचं होतं त्याला. ती बराच वेळ मान खाली घालून दम घेत राहिली.

मग डावा. मी माझ्या नकळत श्वास धरला होता. पापणी निम्म्यावर गेली, वळणावर आली, आणि मला दिसलं की तिच्या मानेच्या शिरा वर आल्या आहेत. त्याच क्षणी माझाच दम सुटला आणि मला खोकला आला. नुसता खोकला नाही, सगळा कारखाना दणाणून सोडणारी ढास. पुतण्या दचकला. बाळारामच्या हातातलं फडकं पडलं. ज्या बाईला धीर द्यायला बोलावलं होतं तिने नेमकं हे केलं. मी तोंड दाबून भिंतीकडे वळले. वळून पाहिलं तेव्हा मावशीचा हात तसाच होता. ब्रश मूर्तीवर टेकलेला, करंगळी गालावर, काही हललं नव्हतं.

पण तिचा श्वास संपला होता. हे आम्हा सगळ्यांना दिसलं. तिच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे आता ब्रश उचलायचा, रेघ पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. बाळाराम फडकं उचलून पुढे झाला. तिने डावा हात वर करून त्याला थांबवलं. ब्रश न उचलता तिने श्वास सोडला. मग सावकाश, घाई न करता, दुसरा श्वास घेतला. आणि जिथे थांबली होती तिथून रेघ पुढे नेली.

डोळा पुरा झाला. ती मागे सरली आणि मला म्हणाली, ‘रोहेकरीण, ये हिकडं. बग, जोड दिसतो का कुठं?’

मी वाकून पाहिलं. भुवयांवर जन्म काढलेली बाई मी. वळणाच्या जरा अलीकडे, जिथे ब्रश टेकून राहिला होता, तिथे रेघ केसभर जाड झाली होती. मला ती स्पष्ट दिसली.

‘नाही दिसत,’ मी म्हटलं.

तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. ‘खोटं,’ ती म्हणाली. ‘दिसतोय. ऱ्हाऊ दे. देवाला बी कळू दे, मला मधे दम लागला व्हता.’

बाळारामने फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. मावशीने ब्रशला टोक काढायला म्हणून सवयीने तो ओठांशी नेला. तो मास्कला लागला. तिच्या तोंडावर, बरोबर मधे, एक काळा ठिपका उमटला. पुतण्या हसला, बाळारामही हसला. आपलं काय झालंय हे तिला कुणी सांगितलं नाही आणि ती तशीच, त्या ठिपक्यासकट, मला सोडायला रस्त्यापर्यंत आली.

त्या मूर्तीचं विसर्जन झालं आणि दिवाळीनंतर मावशीही गेली. छातीनेच गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मी ओटीवरच्या खुर्चीत बसून रडले, आणि समोर भुवया करून घ्यायला आलेली बाई एक भुवई झालेली आणि एक राहिलेली अशी माझी वाट बघत बसली होती.

पण मला ती दिसते ती हमरापूरच्या रस्त्याच्या कडेला. रिक्षा आली होती. मी तिला म्हटलं, ‘मावशी, जा आता आत, दम लागेल.’ ती विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली, करंगळी त्या खांबावर टेकवलेली, मास्कवर काळा ठिपका. ‘लागंल तर लागंल,’ ती म्हणाली. ‘थांबंन, घेईन, आन् जाईन.’